फिटच्या गोळ्या मेंदूला कशा जपतात?

‘एक फिट आली की मेंदूच्या हजारो पेशी मरतात,’ ही भीती अनेक घरांत असते. खरे तर दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबलेल्या एखाद्या फिटने मेंदूला सहसा कायमची इजा होत नाही. धोका लांबलेल्या फिटचा आहे. झटके थांबलेच नाहीत, तर चेतापेशींमधून ग्लुटामेट हे रसायन बेसुमार सुटते, शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते आणि त्या मरू लागतात. स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसला याची झळ विशेष बसते. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५ मध्ये सर्वांगाला झटके देणाऱ्या फिटसाठी वेळेच्या दोन मर्यादा ठरवल्या: ५ मिनिटांनंतर तातडीचे उपचार, ३० मिनिटांनंतर कायमच्या इजेचा धोका.

म्हणूनच कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जाणारा वेळ महाग पडतो. बहुतेक फिट आपणहून थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते. त्याऐवजी घड्याळ पाहा, रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. रायगड जिल्ह्यात खांडस-पाथरजकडच्या एखाद्या वाडीवरून कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय गाठायला पाच मिनिटांच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेव्हा पाच मिनिटे झाली की १०८ ला फोन करायलाच हवा. पहिलीच फिट असेल, रुग्ण गरोदर असेल किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, तर तेवढेही थांबू नका.

‘गोळी मेंदूला ताकद देते’ हाही गैरसमजच. गोळी फिट रोखते आणि पेशींचे रक्षण होते ते त्यातूनच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही औषधांनी पेशी थेट वाचवल्याचे दिसले, पण माणसात तसा ठोस पुरावा मिळालेला नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो आणि त्यावर अपघात होतात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम देतो. डोक्याला जबर मार लागलेल्या ४०४ रुग्णांवर अमेरिकेत झालेला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. फेनिटॉइन या फिटरोधक औषधाने पहिल्या आठवड्यातल्या फिट १४.२ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणल्या. पुढे अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, जडणे मात्र टळले नाही. त्यामुळे अपघातानंतर डॉक्टरांनी आठवड्याने गोळी बंद केली, तर तो हलगर्जीपणा नव्हे.

अपस्मार जडलेल्याने मात्र गोळी मनाने सोडणे घातक आहे. अचानक तुटलेले औषध हे न थांबणाऱ्या फिटचे एक मोठे कारण. दिवाळीनंतर कातकरी आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि औषध नेमके तेव्हाच तुटू शकते. निघण्याआधीच त्यांच्या हाती काही महिन्यांच्या गोळ्या पडायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे. नियमित उपचार मिळाले तर १० पैकी ७ जण फिटमुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात अपस्माराचा रुग्ण असेल, तर गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच दवाखाना गाठा.