उभ्याने हरलेला माणूस

चैत्र लागला की शिरूर-दौंडकडच्या गावांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. रात्री छबिना, तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं जरा कलली की कुस्त्यांचा फड. शिरूरची घोडनदी पुढे भीमेला मिळते, भीमा दौंडवरून खाली जाते, आणि या दोन्ही नद्यांच्या काठाने हलगी वाजत राहते. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, हजाराच्या, आणि दिवस मावळायला आला की शेवटची मानाची.

अशाच एका फडावर लहानपणी मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. दोन तयारीचे पैलवान बराच वेळ एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते झुलत होते. हलगीवाल्याचे हात भरून आले. शेजारी बसलेले एक आजोबा पटका सावरत उठले आणि ओरडले, "नुरा हाय ही! नुरा!" पुढच्याच क्षणी सगळा फड "निकाली! निकाली!" म्हणून गरजू लागला.

नुरा कुस्ती म्हणजे आतून ठरवलेली, लुटूपुटूची कुस्ती. आज हा शब्द वर्तमानपत्रात राजकारणाच्या बातम्यांतच जास्त दिसतो, पण त्याचा जन्म मातीतला. या शब्दाने मला पुढे एका फार लांबच्या गोष्टीपाशी नेलं. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेतलं व्यावसायिक बॉक्सिंग गुन्हेगारी टोळ्यांच्या मुठीत होतं, आणि ते त्यांनी कसं मिळवलं हे वाचताना मला सतत आपला फडच डोळ्यांसमोर दिसत राहिला.

कारण फडावर लबाडी लपवायला जागा फार थोडी असते. कुस्ती निकाली म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली पाहिजे. ती लागली की नाही हे पंचाला दिसतं तसंच झाडावर चढून बसलेल्या पोरालाही दिसतं. म्हणून नुरा खेळणारे बहुतेक वेळा बरोबरीच्या आडोशाला जातात: कोणी पडायचं नाही, अंधार पडेपर्यंत ओढायचं, इनाम वाटून घ्यायचं. त्यावर गावाने काढलेला उतारा म्हणजे ती "निकाली"ची आरोळी. दुसरी गोष्ट त्याहून मोठी वाटते. जोड उघड्यावर ठरते. पैलवान फडातून फिरतो, चार जुनी माणसं त्याचा खांदा-मांडी बघतात, आणि ज्याच्या अंगात रग आहे तो गर्दीतून उठून "मी लढतो" म्हणू शकतो.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहातल्या बॉक्सिंगमध्ये असं उठता येत नव्हतं. तिथे लढायचं तर मॅनेजर हवा, करार हवा, आयोजकाची मर्जी हवी. आणि या तिन्हींच्या मागे फ्रँकी कार्बो नावाचा माणूस उभा होता. लुकेसी टोळीचा हस्तक, जुना मारेकरी. बॉक्सिंगच्या धंद्यात त्याचं नाव उघड घेत नसत, 'मिस्टर ग्रे' म्हणत. त्याचा जोडीदार फ्रँक 'ब्लिंकी' पालेर्मो हा फिलाडेल्फियात आकड्यांचा जुगार चालवायचा. आपल्याकडच्या मटक्याचा तो चुलतभाऊच.

मी आधी समजत होतो की या लोकांनी ठोसे विकत घेतले असतील. त्यांनी दरवाजा विकत घेतला होता. कागदावर मॅनेजर वेगळाच, खरा मालक कार्बो. असे पुरेसे बॉक्सर हाताखाली आले, की उरलेल्यांना लढायला माणूसच मिळू द्यायचा नाही. मग प्रत्येक सामना विकायची गरजच पडत नाही. बाहेर उभा ठेवलेला माणूस कधीतरी स्वतःच दारावर थाप मारतो.

आइक विल्यम्सची गोष्ट बघा. लाइटवेट गटातला हा उत्कृष्ट बॉक्सर मॅनेजरला सोडून स्वतःचं स्वतः बघायला निघाला, तर मॅनेजरांच्या संघटनेने त्याला वाळीत टाकलं. आपल्याकडे गावकीने हुक्का-पाणी बंद करावं तसं. पालेर्मो म्हणाला, मी मिटवतो. मिटवलंही. विल्यम्स निर्विवाद जगज्जेता झाला. पण पुढे दोन लढतींचं पूर्ण मानधन पालेर्मोने ठेवून घेतलं, आणि न मिळालेल्या त्या पैशांवरचा कर मात्र विल्यम्सला भरावा लागला.

हे सगळं वाढलं ते टीव्हीमुळे. १९५० च्या आसपास अमेरिकेत घराघरांत संच येत होते, आणि बॉक्सिंग त्या लहानशा पडद्यावर फार छान बसत असे: दोन माणसं, एक चौकोन, मधल्या मिनिटाच्या विश्रांतीत जाहिरात. बुधवारी बीअरवाल्यांच्या लढती, शुक्रवारी दाढीच्या पात्यांवाल्यांच्या. दर आठवड्याला नवी जोड हवी, चुकून चालायचं नाही. १९४९ मध्ये जेम्स नॉरिस या गडगंज माणसाने आर्थर वर्ट्झबरोबर इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब ही कंपनी काढली. मोठाली क्रीडागृहं त्यांच्या हातात होती. बॉक्सरचा अखंड पुरवठा तेवढा हवा होता, आणि तो करू शकणारा माणूस म्हणजे कार्बो. जून १९४९ ते मे १९५३ या काळात अमेरिकेत अजिंक्यपदाच्या ४४ लढती झाल्या, त्यांतल्या ३६ या कंपनीच्या आणि तिच्या साथीदारांच्या. अखेर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडण्याचा हुकूम कायम केला.

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. जेक लामोटा. मिडलवेट गटात त्याच्याशी लढायला भले भले कचरत. शुगर रे रॉबिन्सनला व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव १९४३ मध्ये यानेच दाखवला. तरीही अजिंक्यपदाची लढत त्याला वर्षानुवर्षं मिळत नव्हती, कारण तो टोळीला जुमानत नव्हता. शेवटी तो वाकला. १४ नोव्हेंबर १९४७ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पालेर्मोचा बॉक्सर बिली फॉक्स याच्याशी लढताना त्याने हरायचं, असं ठरलं. एक लाख डॉलर देऊ केले होते, ते त्याने नाकारले. त्याला फक्त अजिंक्यपदाची लढत हवी होती.

त्या रात्री लामोटा दोरांना टेकून उभा राहिला आणि मार खात राहिला. हात जवळजवळ उचललेच नाहीत. प्रेक्षक हुर्यो उडवत होते. त्यांचीही ती एक प्रकारची "निकाली"च म्हणायची. चौथ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. पण लामोटा पडला नाही. पडण्याचे पैसे नाकारलेला हा माणूस पडायलाही तयार नव्हता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आपल्या मातीत उभ्याने चितपट होता येत नाही. पाठ लागल्याशिवाय कुणी हरत नाही. त्याच्या खेळात उभ्याने हरायची सोय होती, आणि उरलेसुरले सगळे मानापमान त्याने त्या एका सोयीत कोंबले.

या लढतीची चौकशी झाली. आपली प्लीहा दुखावलेली होती, असं त्याने सांगितलं. दुखापत लपवली म्हणून दंड आणि काही महिन्यांची बंदी, एवढ्यावर प्रकरण मिटलं. मग १६ जून १९४९ ला डेट्रॉइटमध्ये त्याला तेव्हाचा विजेता मार्सेल सेर्दां याच्याविरुद्ध ती लढत मिळाली. त्यासाठी २० हजार डॉलर त्यानेच मोजले. म्हणजे खरं लढण्याची परवानगी मिळावी म्हणून या माणसाने आधी खोटं हरून दाखवलं आणि वर खिशातले पैसेही दिले. तो खरा लढला आणि जगज्जेता झाला. फेरलढतीसाठी अमेरिकेला निघालेला सेर्दां त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात गेला.

खरं काय ते लामोटाने १९६० मध्ये बॉक्सिंगमधल्या टोळ्यांची चौकशी करणाऱ्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं. विल्यम्सनेही आपलं गाऱ्हाणं तिथेच मांडलं. कार्बोला बोलावलं, तर तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याचं नाकारत राहिला. त्याचा पाय अडकला तो डॉन जॉर्डन या विजेत्याच्या माणसांना धमकावून त्याच्या कमाईत वाटा मागण्याच्या प्रकरणात. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात कार्बोला २५ वर्षांची आणि पालेर्मोला १५ वर्षांची शिक्षा झाली.

बिली फॉक्सचं पुढे काय झालं, हे मात्र समितीच्या आणि न्यायालयाच्या कितीतरी आधी साऱ्यांना दिसलं होतं. पालेर्मोने त्याची कारकीर्द काय थाटात उभी केली होती: पहिल्या ४३ लढती, ४३ नॉकआउट. १९४७ च्या फेब्रुवारीत लाइट-हेविवेट विजेता गस लेस्नेविचने त्याला पहिल्यांदा हरवलं. मग लामोटावरच्या त्या विजयाने त्याचं नाव पुन्हा वर आलं आणि ५ मार्च १९४८ ला त्याला लेस्नेविचशी दुसऱ्यांदा लढत मिळाली. तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन. या वेळी काहीच ठरलेलं नव्हतं. पहिली फेरी दोन मिनिटांचीही झाली नव्हती, आणि फॉक्स खाली पडला होता.