रक्तातले पालाश वाढले तर



पिकाला आपण जे पालाश देतो, तेच पोटॅशियम आपल्या रक्तातही असते. लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल इतके ते ठीक. मूत्रपिंडे अधू झाली की ते साचते, ६.५ च्या वर गेले तर हृदय अचानक थांबू शकते. हातपाय गळाल्यासारखे होतात, कधी काहीच जाणवत नाही.

यावर तातडीचे उपचार आहेत. पण ते सगळीकडे सारखे होत नाहीत. कॅल्शियमचे इंजेक्शन हृदयाला सावरते, पालाश कमी करीत नाही. इन्शुलिन व ग्लुकोज ते पेशींत ढकलतात. काही तासांनी ते परत रक्तात येते. शिवाय इन्शुलिनने साखर एकदम उतरू शकते. म्हणून बरे वाटताच रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नका. डॉक्टरांना नम्रपणे विचारा: हृदयाचा आलेख काढला का? पुढचे सहा तास साखर तपासणार ना? पालाश पुन्हा केव्हा मोजणार? डायलिसिस लागेल का?

सुगी असली तरी डायलिसिसची पाळी चुकवू नका. अशा रुग्णाला शहाळे, केळी आणि कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारूनच द्या.