गाडी मिसिंग करते? आधी प्लग पाहा

आता पुष्कळ वस्त्यांवर ट्रॅक्टरशेजारी एखादी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी उभी दिसते. ८०० निघायची २०१४ साली थांबली, ओम्नी २०१९ साली; पण गावात दोन्ही अजून राबताहेत. ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला स्पार्क प्लग नसतो. म्हणून ट्रॅक्टर उलगडणारे हातही या पेट्रोल गाडीपुढे बिचकतात. बिचकण्यासारखे काही नाही. इंजिन तीन सिलिंडरचे, प्लगही तीनच. सकाळी सुरू व्हायला कुरकुर, चढावर दम लागणे, पेट्रोल जास्त पिणे, असे दिसले की आधी ते काढून पाहावेत.

इंजिन मात्र पूर्ण थंड असू द्या. हे मी पदरमोड करून शिकलो. एकदा टोमॅटोचे कॅरेट भरून झाले आणि माझी ओम्नी मिसिंग करू लागली. घाईत गरम इंजिनवरच प्लग काढला, नवा तिरका लागला, तो मी पान्याने रेटला. हेड ॲल्युमिनियमचे, आटे गेले! हेड उतरवून लेथवर न्यावे लागले. गाडी तीन दिवस उभी, आणि माल गेला शेजाऱ्याच्या टेम्पोतून.

प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. वायर एका वेळी एकच, टोपी धरून काढा. मग प्लगचे टोक निरखा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलाने ओले असेल तर रिंगांची किंवा व्हॉल्व्हची तक्रार समजा. तिथे नव्या प्लगने भागत नाही, मिस्त्रीच गाठावा.

आता गॅप. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा धरावा. फिलर गेजची पात किंचित अडखळत सरकली पाहिजे. कमी-जास्त करताना फक्त बाहेरचा वाकडा काटा हलवा; मधल्या दांडीवर जोर दिला तर चिनीमाती तडकते. इरिडियमचा महाग प्लग असेल तर तेवढाही हात लावू नका.

बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवा. हात पोहोचत नसेल तर रबरी नळीचा तुकडा प्लगच्या शेंड्यावर खोचा. प्लग तिरका लागला तर नळी आपोआप घसरते. टेकल्यावर नव्या वायसरच्या प्लगला पान्याने अर्धा वळसा, जुनाच परत लावत असाल तर पाव वळसा पुरे. काढलेल्यांतला बरा एक फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवा, सोबत प्लगपानाही.