गळ टाकणारे आणि पहारा देणारे

बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान रचायचे आणि भोळ्या माणसाकडून परवलीचा शब्द काढून घ्यायचा, याला 'फिशिंग' म्हणतात. २००६ साली अमेरिकेतील ओपनडीएनएस कंपनीने 'फिशटँक' सुरू केले. एकाने संशयित पत्ता कळवायचा, इतरांनी तो पारखून मत द्यायचे. पुरेशी मते जुळली की पत्ता लबाड ठरे. एकट्याच्या शब्दावर कुणाला चोर ठरवायचे नाही, ही त्यातली खुबी!

पण हे पान राहते कोठे? पुष्कळदा एखाद्या शाळेच्या किंवा दुकानाच्या खऱ्याखुऱ्या संकेतस्थळावर, मालकाला गंधही नसताना! सर्व्हरवरील सॉफ्टवेअर जुने राहिले, त्यातले माहीत झालेले छिद्र बुजवले नाही, की चोर तेथून आत शिरतो. मग नुसते पान पुसून भागत नाही. छिद्र तसेच राहिले तर तो पुन्हा नवे पान मांडून मोकळा होतो.