खेकडे दिसले नाहीत, म्हणजे ते नव्हतेच का?

समुद्राच्या तळाशी राहणारे खेकडे मोजायचे कसे? अलास्कालगतच्या पूर्व बेरिंग समुद्रात शास्त्रज्ञ दर उन्हाळ्यात शेकडो ठरलेल्या ठिकाणी तळावरून ठरावीक वेळ जाळं ओढतात. आलेल्या खेकड्यांचं वजन, नर-मादी, कवचाची रुंदी नोंदवतात. त्यावरून साऱ्या समुद्राचा अंदाज बांधतात आणि त्या अंदाजावर किती खेकडे धरायचे ते ठरतं.

२०२० मध्ये कोविडमुळे ही पाहणी झालीच नाही. २०२१ मध्ये पाहिलं, तर स्नो क्रॅबची संख्या पार कोसळलेली! मेले, की दुसरीकडे गेले?

इथे आपल्याला भाट्ट मीमांसक आठवतात. ते ‘अनुपलब्धी’ला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. दरवर्षी तीच ठिकाणं, तीच पद्धत, हा इथला दिवा. उत्तरेकडच्या पाहणीतही हरवलेल्या खेकड्यांचा हिशेब लागला नाही.

२०२२ मध्ये हा हंगाम प्रथमच बंद ठेवला गेला; बोटवाल्यांची कमाई बुडाली. २०२३ मध्ये संशोधकांनी मांडलं, की २०१८-१९ च्या उष्ण पाण्यात खेकड्यांची भूक वाढली, अन्न पुरलं नाही आणि १,००० कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले.

म्हणजे निर्णय आधी घ्यावा लागला, कारण नंतर कळलं. पूर्ण खात्रीची वाट बघत बसलो असतो, तर उरलेलेही जाळ्यात गेले असते. म्हणून आपण म्हणतो, मोजणीचं एक वर्षही चुकू नये.