पदरमोड करून छापलेली कादंबरी

इंदुरात राहून मराठीत कादंबरी लिहिणे ही आज एक आडवाटच म्हणावी लागेल. लिहिण्याचे सुख लेखकाचे स्वतःचे असते. त्यात कोणाची आडकाठी नसते. परंतु लिहून झाल्यावर जे सुरू होते, त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. हस्तलिखित पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे जाते, सहा-आठ महिने तेथे स्वस्थ पडून राहते आणि दोन ओळींच्या सौजन्यपूर्ण पत्रासह परत येते. कित्येकदा पत्रही येत नाही. क्वचित एखादा प्रकाशक होकार देतो, पण छपाईचा खर्च लेखकाने सोसावा, अशी अट घालून. मग लेखकाच्या मनात साहजिकच येते, की पैसा माझाच जाणार असेल तर पुस्तकही सर्वस्वी माझेच का असू नये? स्वतंत्र लेखकाचा संसार बहुधा असाच मांडला जातो.

या संसाराकडे आपला सुशिक्षित समाज किंचित नाक मुरडूनच पाहतो. कोणी छापले नाही म्हणून याने स्वतः छापले, असा त्याचा अर्थ लावला जातो. वास्तविक आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात डोकावले तर चित्र निराळे दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतले शिक्षक होते. (माझ्यासारख्या सरकारी हेडमास्तराला हा तपशील विशेष जिव्हाळ्याचा वाटावा, यात नवल नाही.) नोकरी सांभाळून त्यांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर चालविले. १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली. त्याच काही वर्षांत आर्यभूषण छापखाना, चित्रशाळा आणि किताबखाना या तीन गोष्टी त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने उभ्या केल्या. म्हणजे लेख त्यांचा, छापखाना त्यांचा आणि पुस्तकाचे दुकानही त्यांचेच. १८८२ साली, वयाची बत्तिशी पूर्ण होण्याच्या आतच, ते गेले. एवढ्या अवधीत त्यांनी लेखकाला दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची गरज उरू नये, अशी सारी तजवीज करून ठेवली होती.

कादंबरीचेच बोलायचे तर हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण आहे. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. पुढे १८९० साली त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’, ‘मी’, ‘उषःकाल’ या कादंबऱ्या त्यातून आठवड्या-आठवड्याने वाचकांच्या हाती दिल्या. जाहिरात म्हणून काही निराळी करण्याची त्यांना आवश्यकताच नव्हती. मागच्या अंकात यमूचे काय झाले, हे घराघरांत बोलले जाई, आणि पुढचा अंक येईपर्यंतची ती हुरहूर हीच जाहिरात. मात्र हरिभाऊंची चूल कादंबरीवर पेटत नव्हती. त्यांच्या चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था ते पाहत आणि उपजीविकेचा आधार तेथे होता. स्वतंत्र लेखकाला कोठेतरी एक आनंदाश्रम लागतोच. कोणाची सरकारी नोकरी असते, कोणाची पेन्शन, कोणाच्या पत्नीचा पगार.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा मार्ग याहून कष्टाचा होता. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या गृहस्थाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी १९१६ साली नागपुरात चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आणि वर्गणीदार मिळविण्यासाठी ते स्वतः गावोगाव हिंडले. विद्वानाने असे दारोदार फिरावे, हे त्या काळी पुष्कळांना रुचले नाही. तरी २३ खंड निघाले. ही सारी हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पुस्तक विकायला निघालेल्या प्रत्येक संकोची लेखकाने ती वाचावी, असे मला वाटते. पुढे ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या, १९३१ च्या हैदराबाद संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, पण १९३७ मध्ये मृत्यू आला तेव्हा हाताशी पैसा नव्हता.

आपण हिंदी मुलखात राहतो, म्हणून प्रेमचंदांचे स्मरण येथे अगत्याचे आहे. १९२३ साली त्यांनी बनारसला सरस्वती प्रेस काढला, १९३० मध्ये ‘हंस’ सुरू केले आणि दोहोंच्या कर्जात ते गळ्यापर्यंत बुडाले. ते फेडण्यासाठीच १९३४ मध्ये त्यांना मुंबईच्या चित्रपटसृष्टीत जावे लागले. तेथे जीव रमेना, म्हणून परतले. १९३६ मध्ये ‘गोदान’ आले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली आपला काव्यसंग्रह स्वतः छापला आणि निनावी परीक्षणेही स्वतःच लिहून वृत्तपत्रांत धाडली! आपल्याकडे हे काम मित्राच्या नावाने होते, इतकाच काय तो फरक.

असो. आता आजच्या इंदूरकडे वळतो. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. नाव सांगू नये, अशी त्यांचीच इच्छा आहे. त्यांनी हुकुमचंद मिलवर मराठीत कादंबरी लिहिली. ही गिरणी १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि कामगारांना त्यांची देणी मिळण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षांत कित्येक कामगार निवर्तले. त्यांत मराठी घरेही होती. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या ज्यांनी बापाच्या खांद्यावर बसून पाहिल्या, त्यांना या विषयाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पण एका प्रकाशकाचे उत्तर आले, की विषय चांगला आहे, परंतु महाराष्ट्रातील वाचकाला तो दूरचा वाटेल. दुसऱ्याने हीच कादंबरी गिरणगावात, परळ-लालबागला नेऊन बसवता येईल का, अशी पृच्छा केली! या दोन उत्तरांत आपणा बाहेरच्या मराठी मंडळींची सारी अडचण आली. आपली गिरणी, आपली गल्ली, आपले हिंदीमिश्रित बोलणे पुण्याला दूरचे वाटते; हिंदीत लिहावे तर घरातली माणसे परक्या भाषेत बोलू लागतात. तेव्हा हे आयुष्य मराठीत उतरायचे असेल, तर छपाईचा खर्च इंदूरकरानेच करायला हवा, असा निर्णय घेऊन त्यांनी ३०० प्रती छापल्या.

त्यांचा हिशेब मी पाहिला आहे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी धरून प्रतीमागे दीडशे रुपये पडले. किंमत ठेवली तीनशे. विक्रेत्याचे कमिशन पंचेचाळीस टक्के. म्हणजे दुकानातून प्रत विकली गेली तर लेखकाच्या हाती पंधरा रुपये, आणि तेही विकल्यानंतर केव्हातरी. पूर्वी खिळ्यांच्या छपाईत हजाराखाली प्रती काढणे परवडत नसे. आता पन्नासही काढता येतात, हा मोठाच दिलासा. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना एकेक प्रत धाडायची असते. तीही त्यांनी नेमाने धाडली. स्वस्त असे रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले, त्यात ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये पडतात. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी ती योजना आहे. कादंबरीला यांपैकी कोणत्या खान्यात बसवावे, ते रसिकांनी ठरवावे.

प्रसाराच्या बाबतीत मुंबईच्या अमीश त्रिपाठी यांचे नाव अलीकडे घेतले जाते. त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी प्रकाशकांनी नाकारली. २०१० साली ती निघाली, ती त्यांच्या साहित्य-प्रतिनिधीने छापली म्हणून. प्रसाराचा भार त्यांनी स्वतः उचलला. पहिल्या प्रकरणाची पुस्तिका दुकानांतून फुकट वाटली आणि चित्रपटाच्या झलकीसारखी चित्रफीत काढली. नोकरी सोडली ती मात्र यश हाती आल्यावर. युक्ती उत्तम, पण त्यासाठी देशभर दुकाने हवीत. आमच्या खजूरी बाजारात शालेय पुस्तकांच्या राशीत मराठी कादंबरी शोधावी लागते.

तेव्हा आमच्या मित्राने स्वतःची दुकाने शोधली. गणेशोत्सवाच्या मांडवात एक टेबल, नाटकाच्या मध्यंतरात दुसरे, आणि पत्नीच्या हळदीकुंकवात चौरंगावर पाच प्रती. शेवटच्या ठिकाणी सर्वांत जास्त खप झाला, हे नमूद करण्याजोगे आहे. पुरुष मंडळी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहतात, कागदाची स्तुती करतात आणि म्हणतात, “अहो काका, छापलीच आहे तर एक भेट द्या की!” ही भेटप्रतीची सवय मला खरोखर खटकते. लग्नात हजाराचे पाकीट देणारा माणूस ओळखीच्या लेखकाला तीनशे रुपये देताना अवघडतो, आणि लेखकही मागताना अवघडतो. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच मंडळींनी एकमेकांस पेढे दिले होते. इंदुराने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलने भरवली, हेही ती अभिमानाने सांगतात.

वर्षाअखेर १३८ प्रती विकल्या गेल्या, ७० भेट गेल्या, उरलेल्या दिवाणाखाली आहेत. एक प्रत पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने मागवली होती. त्याचे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये साचेवाले होते. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. देवनागरी येते, पण सगळे शिक्षण इंग्रजीतून झालेले, त्यामुळे सलग दोनशे चाळीस पाने वाचवत नाहीत. काका, तुम्ही वाचून पाठवाल का?

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमचे मित्र खिडक्या लावून, पंखा बंद करून, मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवतात आणि एकेक प्रकरण वाचून ध्वनिमुद्रित करतात. मध्येच रस्त्यावरून भाजीवाला ओरडत जातो. तो आवाज त्यांनी काढून टाकलेला नाही. आतापर्यंत सात प्रकरणे झाली आहेत, आणि तो तरुण ती आपल्या आईलाही ऐकवतो. आईने निरोप धाडला आहे, की चौथ्या प्रकरणातला भोंगा पहाटे साडेसहाचा लिहिला आहे, तो त्याहून लवकर होत असे.