दोन चाकांचा मुलूख

परभणी जिल्ह्याच्या आग्नेय अंगाला, गंगाखेडहून लोह्यामार्गे नांदेडकडे जाणाऱ्या सडकेवर, पालम हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. निजामाच्या अमदानीत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत असे, आणि अव्वल तालुकदारापासून गिरदावर-पटवाऱ्यापर्यंत अंमलदारांची जी उतरंड होती तिच्या शेवटच्या पायरीवरचा माणूस बहुधा पायीच फिरतीवर निघे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने परभणी, पूर्णा आणि नांदेड ही गावे एका सूत्रात ओवली, पुढे परळीकडे गेलेल्या फाट्याने गंगाखेडलाही स्टेशन दिले. पालमच्या वाट्यास मात्र आगगाडी आली नाही. बैलगाडी होती, पण बैलाला कडबा लागतो आणि सुगीत बैल रिकामा नसतो. पुढे मोटार आली, पण मोटारीला तिची स्वतःची वेळ असते आणि ती चुकली की माणूस फाट्यावर ताटकळत राहतो. अशा मुलखात ज्या वाहनाला चालविणाऱ्याच्या पोटातील भाकरीखेरीज दुसरे काही लागत नाही, ते घरोघरी मान्यता पावले यात नवल ते काय?

तथापि या वाहनाचा परिचय नुसत्या यंत्रवर्णनाने पुरा होत नाही. खरेदीची पावती एकाच्या नावावर असली तरी पालमसारख्या गावात सायकल कधी एकट्याची नसते. ती भावाची असते, शेजाऱ्याची असते, अडल्या वेळी साऱ्या गल्लीची असते. आणि तिचे आयुष्य तिच्या धन्याच्या हातात असते त्याहून अधिक बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याच्या हातात असते. यंत्र, धनी आणि दुरुस्तीवाला या तिघांचा मिळून हा एक संसार आहे, आणि त्यातला तिसरा उठून गेला तर उरलेल्या दोघांचे फार काळ जमत नाही.

आधी यंत्राविषयी. जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल सिद्ध केली, आणि तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. या दोन गोष्टींचा संयोग झाल्यावर सायकलीच्या मूळ आकृतीत फारसा फरक करावा असे कोणास वाटले नाही. आपल्याकडे जी काळी सायकल रूढ झाली ती याच घराण्यातील होय: अठ्ठावीस इंची चाके, बावीस वा चोवीस इंची सांगाडा, तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी आवळले जाणारे ब्रेक, पाठीमागे भक्कम कॅरिअर आणि दोन पायांचे स्टँड. पुढच्या चाकास ३२ तारा आणि मागच्या चाकास ४०, हा भेद हौसेखातर केलेला नाही. बसणाऱ्याचे आणि कॅरिअरवरील पोत्याचे ओझे मागच्या चाकावर पडते, म्हणून त्याला आठ तारांचा आधार जास्त. पायडलच्या चाकाला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच फेरे घेते आणि सायकल बारा हातांवर पुढे जाते. हा हिशेब मांडता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही तो मांड्यांनी ठाऊक असतो, कारण दोन पायल्या ज्वारी लादून चढावर निघाले की यंत्राने दिलेला वेग ते श्रमाच्या रूपाने वसूल करून घेते.

प्रारंभी या सायकली विलायतेहून येत आणि त्यांचा दाम सामान्य कुळाला झेपणारा नव्हता. पुढे देशी कारखाने निघाले. मद्रासला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो, असा क्रम लागला. आणि हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतर भारतात सामील झालेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेला मराठवाडा ज्या दशकात आपली नवी ओळख मिळवीत होता, त्याच दशकात ही देशी सायकल त्याच्या आवाक्यात आली. आणखी एक धागा येथे नोंदविण्यासारखा आहे. ज्या किर्लोस्करांचा लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या काळ्या रानात उतरला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या धंद्याचा आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाला होता. त्यांचा उद्योगसमूह आपला जन्म १८८८ सालचा मानतो आणि किर्लोस्करवाडी वसली ती १९१० साली. सायकल विकता-दुरुस्त करता हाताला जे लोखंडाचे ज्ञान होते ते पुढे कोठवर जाऊ शकते, याचा हा मराठी दाखला आहे. तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला कारखानदार होत नसेल, पण त्याची विद्या याच पाठशाळेतली आहे.

या दुरुस्तीवाल्याच्या दुकानाला दर्शनी भाग असा नसतोच. पत्र्याचे छप्पर, आढ्याला टांगलेल्या जुन्या टायरांच्या माळा, एक लाकडी पेटी, घमेल्यात गढूळ पाणी, पायाने दाबून धरायचा उभा पंप, आणि छर्रे व नटबोल्ट यांचे वंगणात बुडालेले डबे, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या संसार उभे राहिले. पूर्वी अशा दुकानांचा मुख्य आधार किरायाच्या सायकली हा असे. तासाच्या हिशेबाने आण्यांवर आणि पुढे पैशांवर सायकल मिळे. वहीत नाव आणि वेळ लिहिली जाई. अनामत मागण्याचे कारण पडत नसे, कारण ‘तू कोणाचा रे?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात सारी जामीनकी उरकत असे. पोरे सायकल शिकली ती याच किरायावर. सीटवर बसून पाय पायडलला पोचत नाहीत, म्हणून सांगाड्याच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालायचा, डाव्या हाताने मूठ आणि उजव्या हाताने दांडी कवटाळायची, आणि अंग वाकडे करून आधी हाफ पायडल, मग फुल पायडल मारीत जायचे; या रीतीला कैची म्हणत. गुडघे फुटल्यावाचून ही विद्या कोणाला आली असेल असे वाटत नाही.

पंक्चर काढणे हे या दुकानातले रोजचे कर्म. ज्याला आपण सराटा म्हणतो ते जमिनीसरशी पसरणारे काटेरी झुडूप पावसाळ्यात बांधावर माजते आणि दसऱ्याच्या सुमारास त्याची फळे वाळून फुटतात. एका फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला असे काटे असतात की तो कसाही पडला तरी एक टोक वर राहावे. बाभळीचा काटा एकटा येतो, सराटे जथ्याने येतात. दुरुस्तीवाला दोन पट्ट्यांनी टायरची कड उचलतो, ट्यूब बाहेर ओढून तीत हवा भरतो आणि ती घमेल्यातल्या पाण्यात हात-दोन हात करीत फिरवतो. बुडबुडे उठले त्या जागी काडीने खूण करतो, जागा पुसून कानशीने खरवडतो, बोटाने सोल्युशन लावतो आणि ते वाळेपर्यंत वाट पाहतो. हे वाट पाहणे हेच या कामातले खरे कसब आहे. ओल्या सोल्युशनवर तुकडा बसवणारा नवशिका असतो. तुकडा बसवून त्यावर हातोडीच्या दांड्याचे ठोके दिले, की ट्यूब पुन्हा पाण्यात जाते. शेवटी तो टायरच्या आतल्या अंगाने बोटे फिरवतो, कारण मोडून राहिलेले काट्याचे टोक तेथेच असेल तर सारी मेहनत वेशीपर्यंतही टिकणार नाही.

याहून वरच्या पायरीचे काम म्हणजे चाकाचा आऊट काढणे. खड्ड्यात आपटून वाकडे झालेले चाक तो सायकल उलटी करून फिरवतो, रिमपाशी खडूचे टोक स्थिर धरतो, आणि जेथे खडू घासतो त्या बाजूची तार ढिली, समोरच्या बाजूची आवळ, असे पाव-पाव फेऱ्याने करीत जातो. कुठली तार किती ताणली आहे हे तो तिच्यावर नखाने टिचकी मारून आवाजावरून ओळखतो. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही. गिऱ्हाईकही बाजूच्या बाकड्यावर चहा घेत गप्प बसते.

पालमच्या भूमीने या यंत्राची जी परीक्षा घेतली ती कॉव्हेंट्रीच्या कारागिरांच्या स्वप्नातही आली नसेल. येथली काळी माती पाऊस पडताच फुगते, लोण्यासारखी चिकटते, आणि टायर व मडगार्ड यांच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसली की चाक फिरतच नाही. दर शंभर पावलांवर काडीने चिखल काढावा, नाहीतर सायकलच खांद्यावर घ्यावी, हे दोनच पर्याय. म्हणून रानात राहणारे पुष्कळजण मृगाच्या आधीच मडगार्ड उतरवून ठेवतात आणि पाठीवर चिखलाचे शिंतोडे घेऊन बाजारात येतात. त्यातून लेंडी नदीला पूर आला म्हणजे पुयनी, आडगाव, फळा, सोमेश्वर या बाजूच्या गावांची वाट तुटते. पाणी ओसरेपर्यंत सायकली अलीकडे पडून राहतात.

आठवडी बाजाराच्या दिवशी चाटोरी, बनवस, पेठशिवणी अशा गावांहून येणारी सायकल काय काय वाहते हे पाहण्यासारखे असते. दूधवाल्याच्या दोन अंगांना किटल्या, गवंड्याच्या हँडलला थापी-ओळंब्याची पिशवी, शेतकऱ्याच्या कॅरिअरवर फवारणीचा पंप किंवा हिरव्या चाऱ्याचा भारा, गारीगारवाल्याच्या मागे लाकडी पेटी. धार लावणारा कारागीर तर सायकल स्टँडवर उभी करून तिच्याच पायडलने दगडी चाक फिरवतो, आणि विळ्यांतून ठिणग्या उडवीत वाहनाचे क्षणात कारखान्यात रूपांतर करतो. सरकारदप्तरीही या यंत्राची दखल आहे. शहरांतील नगरपालिका सायकलीवर कर घेऊन धातूचा बिल्ला देत, रात्री बिनदिव्याच्या किंवा डबल सीट जाणाऱ्याला पोलीस अडवीत. आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीला जे कर बसविता येतात त्यांत सायकल आणि जनावरांनी ओढलेली वाहने यांचा निर्देश एकाच कलमात आहे. कायदा करणाऱ्यांनी बैलगाडीच्या शेजारी सायकलीला दिलेली ही जागा वस्तुस्थितीला धरूनच होती.

प्रतिष्ठेच्या व्यवहारातही तिला अशीच जागा होती. एके काळी लग्नाच्या यादीत जावयासाठी घड्याळ, रेडिओ आणि सायकल ही त्रयी बसलेली असे, आणि तिच्यापायी मुलीच्या बापाने सावकाराचे दार गाठल्याची उदाहरणे थोडी नाहीत. हा या वाहनाच्या चरित्रातील काळा अध्याय आहे. उजळ बाजू खंडेनवमीला दिसते. शस्त्रे-अवजारांच्या ओळीत घासूनपुसून तेल दिलेली सायकल उभी राहते, हँडलला झेंडूची माळ चढते, कुंकवाचे बोट मडगार्डवर उमटते. आणि खेळ म्हणावा तर गावाच्या मैदानात तंबू ठोकून कित्येक दिवस-रात्र सायकलवरून पाय खाली न टेकणारा फिरता कलावंत! तो वर्तुळात फिरत राही, चालत्या सायकलवरच अंघोळ करी, जेवी, लाउडस्पीकरवर गाणी वाजत, आणि बक्षिसाच्या नोटा त्याच्या सदऱ्याला टाचल्या जात. ज्या यंत्रावर आपण रोज बाजाराला जातो त्याच यंत्रावर माणूस इतके करू शकतो, हे पाहून प्रेक्षकांना आपल्याही सायकलीचा अभिमान वाटे.

पुढे हप्त्यावरची मोटारसायकल आली आणि तरुणांनी सायकल सोडली. किरायाच्या वह्या मिटल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरविला. २०२० च्या नेमक्या त्याच तारखेला ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्यातले काम थांबले. परंतु पालमच्या बाजूने पाहता सायकल गेली असे म्हणता येत नाही; तिचा स्वार बदलला. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार २०११ मध्ये १२५ मागास तालुक्यांत झाला, आणि त्यात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळू लागले. पूर्वी ३,५०० रुपये असलेली ही रक्कम पुढे ५,००० करण्यात आली. सकाळी वाडी-वस्तीवरून दप्तर कॅरिअरला अडकवून निघालेल्या मुलींची रांग हे मराठवाड्यातील आजचे सायकलीचे खरे दृश्य होय. ज्या यंत्राच्या मागणीने आजीच्या बापाला कर्जात घातले, तेच यंत्र नातीच्या नावावर सरकारी तिजोरीतून यावे, हा बदल लहान नाही.

मात्र अनुदान खरेदीपुरते आहे. सराटा सरकारी सायकल ओळखत नाही, आणि पंक्चर झालेली सायकल शाळा बुडविते; ट्यूब बदलण्याइतके पैसे घरात नसले की ती भिंतीला टेकते, आणि एकदा टेकलेली सायकल उन्हा-पावसात गंजून थोड्याच काळात भंगाराच्या मोलाची होते. इकडे मोटारसायकलीच्या गॅरेजमध्ये जास्त मजुरी मिळते म्हणून दुरुस्तीवाल्याची पोरे पंक्चरच्या घमेल्याकडे वळत नाहीत. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पंप, पान्ह्यांचा एक संच आणि सोल्युशनच्या चार ट्यूबा ठेवाव्यात, महिन्यातून एक दिवस बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला मानधन देऊन बोलवावे, आणि त्याने सायकली नीट करता करता मुलींनाही पंक्चर काढायला शिकवावे, एवढी तजवीज कोणत्याही गटशिक्षणाधिकाऱ्याच्या आवाक्यातली आहे. सायकल देणे ही एका दिवसाची गोष्ट. ती चालती ठेवणे हे बारा महिन्यांचे काम आहे. ते काम येणारी माणसे अजून तालुक्याच्या बाजारात बसलेली आहेत. ती उठून जाण्यापूर्वी त्यांच्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात झाली पाहिजे.